एम.एस्सी. गणित : अर्ज भरण्याआधी आणि भरल्यानंतर

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्राची पहिली अंतर्गत परीक्षा झाली, पेपर परत मिळाले, की विभागाच्या व्हरांड्यात काही मुलं-मुली गप्प उभी दिसतात. ही सगळी हुशार असतात. बी.एस्सी.ला गणितात नव्वदच्या पुढे गुण, कॉलेजच्या फलकावर नाव, धाकट्या भावंडांना आणि शेजारच्या मुलांना शिकवण्याची सवय. आणि आयुष्यात पहिल्यांदाच हातात वीसपैकी पाच गुणांचा पेपर आलेला असतो. वर्षानुवर्षं हे पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की यात त्यांच्या बुद्धीचा दोष नसतो. विषयाचं नाव तेच राहिलं असलं तरी विषय बदलला आहे, हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलं नसतं.

बी.एस्सी.पर्यंतचं गणित बरंचसं ‘काढण्याचं’ असतं. इंटिग्रल काढा, आयगेन व्हॅल्यू काढा, डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर काढा. रीत पाठ असली आणि हात बसला असला की गुण पडतात. सिद्धताही विचारतात, पण त्या ठरलेल्या असतात. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून त्या पाठ करता येतात. एम.एस्सी.त मात्र ‘सिद्ध करा किंवा चूक असल्यास उदाहरण द्या’ हा प्रश्न समोर येतो आणि विधान खरं आहे की खोटं, हेच आधी स्वतः ठरवावं लागतं. तिथे पाठांतर थांबतं.

म्हणून एम.एस्सी.ला जावं का, कुठे जावं, तयारी कशी करावी या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा : सिद्धता शोधण्यात आणि ती नीट लिहिण्यात मला गोडी वाटते का? बाकीचं सगळं याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हे तपासण्यासाठी एक साधा प्रश्न घ्या. एखाद्या क्रमिकेच्या, म्हणजे सीक्वेन्सच्या, लागोपाठच्या दोन पदांमधला फरक शून्याकडे जात असेल, तर ती क्रमिका कुठल्यातरी एका संख्येकडे जाईलच का? बहुतेकांचं पहिलं उत्तर ‘हो’ असतं. पावलं लहान लहान होत गेली तर माणूस कुठेतरी थांबणारच, असं मनाला वाटतं. आता १, २, ३ अशा संख्यांची वर्गमुळं ओळीनं मांडा. १०० चं वर्गमूळ १०, तर १०१ चं १०.०५ पेक्षा किंचित कमी. १०,००० चं १००, तर १०,००१ चं १००.००५ च्या जरासं आत. पावलं शून्याकडे चालली आहेत, पण क्रमिका थांबत नाही. कुठलीही मोठी संख्या सांगा, तिच्या वर्गाइतक्या क्रमांकाच्या पदाला ती तिथे पोहोचते आणि पुढे निघून जाते.

इथे वाचणं थांबवून मनात काय आलं ते पाहा. ‘बरं, मग उत्तर नाही असं लिहायचं’ एवढंच आलं असेल, तर एम.एस्सी.चा निर्णय जरा थांबून घ्या. ‘मग फरकावर नेमकी कोणती अट घातली तर ती थांबेल?’ असं मनात आलं असेल, तर तुम्ही कोशीच्या निकषाच्या दाराशी स्वतःहून पोहोचला आहात. लागोपाठची दोन पदं जवळ असून भागत नाही. पुरेसं पुढे गेल्यावर कुठलीही दोन पदं जवळ असावी लागतात. ज्याला हा दुसरा प्रश्न पडतो, त्यानं गुणांची फार चिंता न करता हा रस्ता धरावा. बी.एस्सी.ला पासष्ट टक्के असलेले आणि असे प्रश्न पडणारे विद्यार्थी पुढे चांगले गणिती झालेले मी पाहिले आहेत.

‘बी.एस्सी. झालं, आता दुसरं काही सुचत नाही, वर्गही जवळच आहे’ म्हणून एम.एस्सी.ला येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काही जण वसतिगृहात जागा मिळावी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता यावा म्हणून येतात. घरची परिस्थिती, शहरातल्या खोलीचं भाडं, सगळं मला समजतं. तरीही सांगतो, या विषयात अर्धं मन ठेवून दोन वर्षं निघत नाहीत. टोपोलॉजी आणि राज्यसेवेची पूर्वपरीक्षा यांना एकाच वर्षी न्याय देणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

किल्ली आणि कुलूप

मराठी माध्यमातून आलेल्या, तालुक्याच्या कॉलेजात शिकलेल्या मुलांना सगळ्यात मोठी भीती वाटते ती इंग्रजीची. ही भीती बरीचशी अनाठायी आहे. गणिताच्या पुस्तकातली इंग्रजी फार थोड्या शब्दांची असते. अवघड असतो तो वाक्यांतला तर्क, आणि तो कुठल्याही भाषेत तितकाच अवघड असतो.

ही दोन वाक्यं पाहा. ‘प्रत्येक कुलपाला किल्ली असते.’ ‘अशी एक किल्ली आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते.’ शब्द जवळपास तेच, अर्थ मात्र पार वेगळा. पहिल्या वाक्यात कुलूप बदललं की किल्ली बदलू शकते. दुसऱ्यात एकच किल्ली सगळीकडे चालते. ॲनालिसिसमध्ये ‘कंटिन्युअस’ आणि ‘युनिफॉर्मली कंटिन्युअस’ यांत नेमका हाच फरक आहे. पहिल्यात प्रत्येक बिंदूसाठी वेगळा डेल्टा चालतो. दुसऱ्यात एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरला पाहिजे. सगळ्या वास्तव संख्यांवर वर्ग करणारं फलन घेतलं, तर जसजसं पुढे जावं तसतशी किल्ली बारीक करत न्यावी लागते, सगळ्यांना पुरणारी एक सापडत नाही. म्हणून ते कंटिन्युअस आहे, पण युनिफॉर्मली नाही. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांचे निम्मे गुण ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांचा क्रम उलटा लिहिल्यानं जातात, असं मी अनुभवानं सांगतो.

तेव्हा विचार खुशाल मराठीत करा. व्याख्या वाचली की ती आपल्या भाषेत स्वतःला समजावून सांगा, आईला किंवा खोलीतल्या मित्राला सांगितल्यासारखी. मगच ती इंग्रजीत, पुस्तकातल्या नेमकेपणानं, न बघता लिहा. दोन्ही जमलं तर व्याख्या तुमची झाली. नुसती इंग्रजी पाठ असेल तर ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी जाईल.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष

एम.एस्सी.ची खरी तयारी प्रवेशाआधी वर्षभर सुरू व्हायला हवी. या वर्षात दोनच विषय पक्के करायचे : रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा. यांना धरून ग्रुप थिअरीचा सुरुवातीचा भाग. बाकी सगळं पुढे शिकता येतं, पण हा पाया कच्चा राहिला तर दुसऱ्या वर्षीचं फंक्शनल ॲनालिसिस हवेत लटकतं.

पुस्तकांची यादी मोठी करू नका. ॲनालिसिससाठी बार्टल आणि शेरबर्ट यांचं पुस्तक आधी, ते अंगवळणी पडल्यावर रुडिन. पहिल्याच दिवशी रुडिन उघडून हिरमुसलेली मुलं बरीच आहेत. त्या पुस्तकात एक ओळ वाचायला कधीकधी एक संध्याकाळ लागते आणि ते तसंच असायला हवं. लिनिअर अल्जिब्रासाठी एस. कुमरेसन यांचं भूमितीच्या अंगानं जाणारं पुस्तक सुरुवातीला फार उपयोगी पडतं, त्यानंतर हॉफमन आणि कुंझे. ग्रुप थिअरीला गॅलियन, मग हर्स्टाइन. यांतल्या बऱ्याच पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मिळतात आणि कॉलेजच्या ग्रंथालयात त्या बहुतेक वेळा असतात, फक्त कुणी मागत नाही म्हणून कपाटात पडून असतात. आयआयटी आणि इतर संस्थांच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं विनामूल्य आहेत. मात्र व्हिडिओ पाहणं म्हणजे अभ्यास झाला असं समजू नका. वीस मिनिटांचं व्याख्यान ऐकल्यावर तासभर वही घेऊन बसावं लागतं.

प्रमेय वाचायची एक रीत मी प्रत्येक तुकडीला सांगतो. प्रमेयातली एकेक अट काढून टाका आणि काय बिघडतं ते पाहा. बंदिस्त आणि मर्यादित अंतरालावरचं कंटिन्युअस फलन आपली कमाल किंमत गाठतं, असं प्रमेय आहे. ‘बंदिस्त’ काढा. ० ते १ च्या मधल्या उघड्या अंतरालावर जे फलन प्रत्येक संख्येला तीच संख्या देतं, ते १ च्या जवळ जवळ जातं, पण गाठत कधीच नाही. ‘मर्यादित’ काढा, तर शून्यापासून पुढच्या सगळ्या संख्यांवर तेच फलन वाढतच जातं. प्रत्येक अट प्रमेयात कशासाठी बसली आहे हे असं कळलं की सिद्धता पाठ करावी लागत नाही.

अशा उदाहरणांसाठी एक वेगळी वही ठेवा. उलट बाजूची उदाहरणं, म्हणजे काउंटर एक्झाम्पल, तिच्यात जमवायची. लाग्रांजच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा नाही, कारण १२ घटकांच्या ए-फोर या ग्रुपला ६ घटकांचा सबग्रुप नाही. शून्यापाशी कंटिन्युअस असूनही डिफरन्शिएबल नसलेलं फलन म्हणजे केवल मूल्य. वर्गमुळांची क्रमिका वर आलीच आहे. वर्षभरात अशी पन्नास-साठ उदाहरणं जमतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ही एक वही वाचली तर गाईडची गरज पडत नाही. प्रवेश परीक्षांत तर ही वही सोन्याच्या मोलाची आहे, कारण बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय एका योग्य उदाहरणानं अर्ध्या मिनिटात उडतो.

जमेल त्यांनी या काळात एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरासाठी अर्ज जरूर करावा. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं हे शिबिर देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी साधारण चार आठवड्यांचं असतं. तिथे शिक्षक उत्तर सांगत नाहीत, प्रश्न विचारत राहतात. पहिला आठवडा जड जातो, घरी परत जावंसं वाटतं. चौथ्या आठवड्यापर्यंत मुलगा किंवा मुलगी फळ्यापाशी उभं राहून आपलं म्हणणं मांडायला शिकलेली असते. माझ्या मते महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान गावातल्या विद्यार्थ्याच्या गणिती आयुष्यात याहून मोठा बदल घडवणारी दुसरी गोष्ट नाही. पुण्यात राहणाऱ्यांना किंवा तिथे येऊ शकणाऱ्यांना भास्कराचार्य प्रतिष्ठान माहीत असायला हवं. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये ते स्थापन केलं. अमेरिकेत परड्यू विद्यापीठात बैजिक भूमितीत नाव कमावलेल्या या गणितज्ञानं मराठी मुलांना गणित जवळून दिसावं म्हणून ते उभं केलं.

कुठे प्रवेश घ्यावा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षांचं वेळापत्रक सुरू होतं, आणि दुर्दैवानं अनेकांना ते कळतं ते निकालानंतर. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा आहे. तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची (टीआयएफआर) प्रवेश परीक्षा डिसेंबरात होते; तिच्यातून बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला जाता येतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय) आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय) परीक्षा उन्हाळ्यात असतात. दिल्ली, हैदराबाद, बनारस अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी पीजी आहे. आपल्याकडच्या विद्यापीठ विभागांच्या प्रवेशाच्या जाहिराती साधारण मे-जूनमध्ये येतात. प्रत्येकाचं संकेतस्थळ स्वतः पाहत राहा.

जॅमच्या गणिताच्या पेपरात १०० गुणांचे ६० प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात : एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. दुसऱ्या भागात १० प्रश्न असे, की ज्यांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. इथे गुण कापत नाहीत, पण सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही तरच गुण मिळतात. तिसऱ्या भागात २० प्रश्नांची संख्येतली उत्तरं स्वतः टाकायची असतात आणि तिथेही गुण कापले जात नाहीत. तेव्हा शेवटच्या दोन भागांत एकही जागा रिकामी ठेवू नका. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेची पात्रतेची अट वाचा. बी.एस्सी.ला गणित किती सत्रं असायला हवं, हे काही ठिकाणी ठरलेलं असतं आणि त्यावरून शेवटच्या क्षणी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. जॅमच्या गुणांवर एनआयटींमध्येही प्रवेश मिळतो. त्यात नागपूरचं व्हीएनआयटी आहे, आणि विदर्भातल्या मुलांनी ही वाट हातची सोडू नये.

सीएमआय आणि आयएसआयच्या परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. तिथे काही प्रश्न लिहून सोडवायचे असतात, सिद्धतेसकट. जॅमच्या क्लासमध्ये शॉर्टकट शिकलेल्यांची तिथे पंचाईत होते आणि सिद्धता लिहायची सवय असलेल्यांना तिथे बरं वाटतं. बेत करायचाच असेल तर या दोन परीक्षांची तयारी करा. जॅम त्यात आपोआप सामावते. उलटं होत नाही.

राज्यातच राहायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला गणित विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, शेजारी गोवा विद्यापीठ अशी चांगली ठिकाणं आहेत. पुणे विद्यापीठात इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स विथ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हा वेगळा अभ्यासक्रमही आहे. संगणकाकडे ओढा असणाऱ्यांनी आणि दोन वर्षांनी नोकरी हवीच असणाऱ्यांनी त्याची माहिती घ्यावी.

कॉलेज निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. एम.एस्सी.चे वर्ग आता अनेक तालुक्यांच्या गावी आहेत आणि त्यांनी मुलींना घराजवळ शिकायची सोय केली आहे, हे मोलाचं आहे. पण प्रवेश घेण्याआधी एक दिवस तिथे जाऊन या आणि विचारा : पूर्णवेळ शिक्षक किती, मेझर थिअरी आणि टोपोलॉजी कोण शिकवतं, ऐच्छिक विषय खरोखर किती शिकवले जातात, विद्यार्थ्यांचे सेमिनार होतात का, ग्रंथालयाचं कपाट उघडं आहे का. तिथे दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोन-तीन मुलांना बाजूला घेऊन विचारलंत तर पाच मिनिटांत सगळं कळतं. सगळे विषय तासिका तत्त्वावरच्या दोन शिक्षकांवर सोपवलेल्या ठिकाणी, त्या शिक्षकांनी कितीही जीव ओतला तरी, विद्यार्थ्याला जे मिळायला हवं ते मिळत नाही. थोडं लांब जाणं शक्य असेल तर जा. सोबत अभ्यास करणारी चार गंभीर मुलं मिळणं हे चांगल्या विभागाचं सर्वांत मोठं देणं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांचं, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एक वर्षाचं आहे. चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात करायचं की तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विभागात दोन वर्षं घालवायची, हा नवा पेच आहे. आपल्या कॉलेजात गणिताचा सशक्त पदव्युत्तर विभाग नसेल तर बाहेर पडा, असंच मी सांगेन.

पहिलं सत्र

प्रवेश मिळाल्यावरचे पहिले दहा आठवडे निर्णायक असतात. टोपोलॉजी, अल्जिब्रा, ॲनालिसिस सगळं एकदम अंगावर येतं आणि प्रत्येक तास आदल्या तासावर उभा असतो. दोन आठवडे मागे पडलात तर वर्गात बसून नुसतं लिहून घेणं उरतं. त्याच दिवशी संध्याकाळी, त्या दिवशीची प्रमेयं वही मिटून लिहून पाहा. जिथे अडाल तिथे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. शिक्षकांना विचारायला संकोच वाटत असेल तर रिकामा वर्ग गाठा, खडू घ्या आणि आळीपाळीनं एकमेकांना शिकवा. फळ्यावर लिहिताना ‘हे उघडच आहे’ असं म्हणायची वेळ आली, की बहुतेकदा नेमकं तिथेच भोक असतं.

वीसपैकी पाच मिळाले तर खचू नका, पण तो पेपर टाकूनही देऊ नका. शिक्षकांकडे जा आणि कोणत्या ओळीला गुण गेले ते विचारा. एकदा एक विद्यार्थिनी अशी दर आठवड्याला एक सिद्धता लिहून घेऊन यायची. पहिल्या महिन्यात तिची वही मी लाल करून परत द्यायचो. दुसऱ्या सत्रात तिच्या वहीत मला दुरुस्त करायला फारसं काही उरलं नव्हतं. ती वर्गात पहिली आली नाही, पण आज ती महाविद्यालयात शिकवते आणि तिचे विद्यार्थी तिच्याकडे वह्या घेऊन येतात.

पहिलं वर्ष संपताना नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या प्रशिक्षण शाळांची माहिती घ्या. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर मिळून हे केंद्र चालवतात. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असेल तर तो इंटरनेटवरून उचलून जमवू नका. एकच प्रमेय घ्या, त्याची सिद्धता संपूर्ण समजून घ्या, आणि ती स्वतःच्या शब्दांत लाटेक्समध्ये टाइप करा. लाटेक्स आणि थोडी पायथॉन, दोन्ही एका सुट्टीत येतात आणि पुढे जन्मभर उपयोगी पडतात.

पैसा आणि नोकरी

याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पण पात्रता मिळणं आणि कायम जागा मिळणं यांत महाराष्ट्रात अनेक वर्षांचं अंतर पडलेलं आहे. नेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत धावताना दिसतात. हे आधी माहीत असू द्या. ज्यांना शिकवायचंच आहे त्यांनी एम.एस्सी.नंतर बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयाची वाटही खुली ठेवावी.

संशोधनाची वाट मात्र गणितात अजून बरी आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, त्यावर घरभाडं भत्ता वेगळा. नेटचा पेपर २०० गुणांचा असतो आणि त्यातला सर्वांत वजनदार तिसरा भाग पुन्हा त्याच गोष्टीची परीक्षा घेतो : एकाहून जास्त बरोबर पर्याय, अर्धवट उत्तराला शून्य. ती उदाहरणांची वही इथेही कामी येते. अणुऊर्जा विभागाचं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ १९८३ पासून गणितासाठीच काम करतं आणि त्याच्या शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवं. राज्य सरकारच्या शुल्क सवलतीच्या योजनांसाठी महाडीबीटीवर वेळेत अर्ज करा. कागदपत्रं जूनमध्येच तयार असू द्या.

खासगी क्षेत्रात डेटा सायन्स, विमा, वित्त इथे गणिताच्या माणसाला मागणी आहे, पण ती नुसत्या टोपोलॉजीला नाही. तिकडे जायचं असेल तर ऐच्छिक विषयांत प्रॉबॅबिलिटी घ्या, स्टॅटिस्टिक्स स्वतः शिका, प्रोग्रामिंग पक्कं करा. विमा गणिताकडे ओढा असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतरही देता येते, एम.एस्सी. पूर्ण होण्याची वाट पाहू नका. भारतीय सांख्यिकी सेवेचं स्वप्न पाहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट तपासावी : त्या परीक्षेला पदवीत सांख्यिकी हा विषय असावा लागतो किंवा सांख्यिकीची पदव्युत्तर पदवी लागते. निव्वळ गणिताची एम.एस्सी. त्यात बसत नाही, आणि हे अनेकांना दोन वर्षं घालवल्यावर कळतं.

आता थोडं मुलींच्या पालकांशी. ‘एम.एस्सी. दोन वर्षं, मग लग्नाचं बघायचं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंगला नारळीकर यांनी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. केलं, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं, काही काळ टीआयएफआरमध्ये काम केलं. मग संसार आणि तीन मुली. पीएच.डी. त्यांनी १९८१ मध्ये पूर्ण केली, संख्या सिद्धांताच्या म्हणजे नंबर थिअरीच्या विषयात. पुढे विद्यापीठांत शिकवलं, ‘गणितगप्पा’सारखी पुस्तकं लिहून मराठी मुलांना गणित गोड करून दिलं. मधली वर्षं त्यांच्या गणिताला संपवू शकली नाहीत, कारण घरात त्या गणिताला जागा होती. तुमच्या घरात ती आहे का, हे मुलीच्या प्रवेशाच्या अर्जाआधी ठरवा.

नोकरी करणाऱ्या शिक्षकांनाही सांगावंसं वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्रातून किंवा इग्नूमधून गणिताची पदव्युत्तर पदवी घेता येते. वर्गात रोज न जाता हा विषय शिकणं कठीण आहे, पण शाळेत दहा वर्षं शिकवलेल्या माणसाकडे चिकाटी असते, आणि इथे ती हुशारीहून जास्त उपयोगी पडते. अशांनी शनिवार-रविवारी भेटता येईल असा एक तरी सोबती आधी शोधावा.

जॅमचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतील. त्याआधी एक काम करा. ॲनालिसिसच्या पुस्तकातलं एक प्रमेय निवडा. मर्यादित आणि सतत वाढणारी क्रमिका कुठल्यातरी संख्येकडे जातेच, हे चालेल. पुस्तक मिटा. सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण वाक्यांत लिहा, आणि तो कागद तुमच्या कॉलेजातल्या गणिताच्या शिक्षकांकडे घेऊन जा. त्यांना गुण मागू नका. ‘सर, मॅडम, यात कुठे चुकलं ते सांगा’ एवढंच विचारा.